घरातील हिंसा : पुरुषांचे परिवर्तन आणि गावाची जबाबदारी

मावळ तालुक्यात सामुदायिक जीवनाची परंपरा जुनी आहे. भातलावणीची सावड, भजनी मंडळ, तालीम, पंढरीची दिंडी यांतून येथील माणूस एकमेकांशी बांधला गेला आहे. लोणावळा व तळेगाव परिसरात हॉटेले आणि कारखाने वाढले, तरी अडल्यानडल्याला धावून जाण्याची वृत्ती टिकून आहे. मात्र शेजारच्या घरातून मारहाणीचा आवाज आला, की ‘नवराबायकोचे भांडण’ म्हणून दार लावून घेतले जाते. मारणाऱ्याला हे मौन संमतीसारखे वाटते.

प्रश्नाचे स्वरूप

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांनी पतीकडून होणारी हिंसा कधी ना कधी सोसली आहे. दारू, कर्ज वा संशय ही त्याची कारणे म्हणून सांगितली जातात. परंतु दारू प्यालेला मनुष्य मुकादमावर सहसा हात उगारत नाही, पत्नीवर उगारतो. हिंसेचे मूळ मालकीच्या भावनेत आहे. ही भावना लहानपणापासून पाहून शिकलेली असते. म्हणूनच ती सोडताही येते.

मुंबईतील आरंभ

सप्टेंबर 1991 मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी वृत्तपत्रात छोटी जाहिरात देऊन, पत्नीला मारणे गैर मानणाऱ्या पुरुषांना पुढे येण्याचे आवाहन केले. 205 जणांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच 1993 मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायलन्स अँड अब्यूज’ अर्थात ‘मावा’ ही संस्था उभी राहिली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. ‘पुरुष स्पंदनं’ हा वार्षिक अंक संस्थेने काढला आणि 2006 मध्ये पुणे येथे ‘युवा मैत्री’ उपक्रमाद्वारे महाविद्यालयीन तरुणांशी संवाद सुरू केला. पुरुषांशी पुरुषांनीच बोलावे, हे या कार्याचे सूत्र होय.

गावपातळीवर काय करता येईल?

अशा कामासाठी मोठा निधी लागत नाही. तरुण मंडळ, तालीम वा भजनी मंडळातील चार विश्वासू पुरुषांनी ठराविक दिवशी एकत्र बसावे. ‘राग आला’ एवढ्यावर न थांबता आपण नेमके काय केले, हे प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगावे. राग चढू लागताच घराबाहेर पडून सोबत्याकडे जाण्याचा नियम ठरवावा. दारूचे व्यसन असल्यास उपचार स्वतंत्रपणे घ्यावेत. पुण्यात 1986 पासून कार्यरत असलेले मुक्तांगण हे अशा उपचारांचे परिचित केंद्र आहे. मात्र दारू सुटली म्हणजे हिंसा सुटलीच, असे मानू नये. सुधारणा झाली की नाही, हे पतीच्या नव्हे तर पत्नीच्या सांगण्यावरून ठरवावे आणि तिची विचारपूस एखाद्या स्त्री कार्यकर्तीने एकांतात करावी.

समेटाची घाई नको

15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेने समेटाला प्रतिष्ठा दिली. परंतु बांधाचा वाद आणि मारहाण यांत मूलभूत फरक आहे. बांधाच्या वादात दोन पक्ष असतात. मारहाणीत एक मारतो व दुसरी सोसते. ‘दोघांनीही सांभाळून घ्या’ असे सांगून भयभीत स्त्रीला परत पाठविणे म्हणजे तिला पुन्हा धोक्यात लोटणे होय.

26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने स्त्रीला संरक्षण व निवासाचा हक्क दिला आहे. दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेशही देऊ शकतात. संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. 181 या महिला मदत क्रमांकावर व तातडीच्या प्रसंगी 112 वर दूरध्वनी करता येतो. पुरुषगट हा या कायद्याला पर्याय नव्हे, तर त्याची जोड आहे.

सावडीला बोलावणे आले की मावळचा शेतकरी आपले काम बाजूला ठेवून निघतो. शेजारच्या घरातील हाकेलाही तो तसाच धावून गेला, आणि मारणाऱ्याला त्याच्याच मित्राने रोखले, तर अनेक घरांतील भय दूर होईल.