क्रोशाचा नमुना स्वतः बेतायचा तर खर्च किती?

क्रोशाच्या छंदाला सामान फार लागत नाही. सुई, दोऱ्याचा गुंडा आणि कात्री असली की भागतं. पण दुसऱ्याचा नमुना विणणं वेगळं आणि स्वतःचा नमुना बेतून तो अनोळखी बाईलाही विणता येईल असा लिहून काढणं वेगळं. पूर्वी हा दुसरा भाग नव्हताच. शेजारणीच्या दाराचं तोरण आवडलं की दुपारी तिच्याकडे बसून नमुना उतरवून घ्यायचा, अडलं तर तीच दोन ओळी विणून दाखवायची. आता नमुना पीडीएफ होऊन नागपूरहून न्यू जर्सीला जातो. तिथे कुणाचं अडलं तर उत्तर कागदानेच द्यायचं असतं. जास्तीचा खर्च होतो तो हा कागद बिनचूक करण्यापायी.

हिशेबाला सोपं जावं म्हणून एकच वस्तू धरू: तीन फुटी दाराचं सुती तोरण. दर शहरातल्या किरकोळ दुकानांत साधारण दिसतात ते घेतले आहेत. तुमच्या गावी थोडा फरक पडेल.

सामान

अ‍ॅल्युमिनियमची साधी सुई ५० ते १०० रुपयांत मिळते. रबरी मुठीच्या सुयांचा संच ३०० ते ५०० रुपयांना पडतो, तर ट्यूलिप किंवा क्लोव्हर या जपानी कंपन्यांचे संच हजारांत जातात. नमुना बेतताना तेच तेच पुन्हा विणावं लागतं आणि मनगट भरून येतं, त्यामुळे मुठीची सुई ही चैन नव्हे. मात्र अख्ख्या संचाची गरज नसते. तोरणासाठी ३ मिलिमीटरची एक आणि तिच्याहून अर्धा मिलिमीटर जाड दुसरी एवढं पुरतं. दुसरी कशाला, ते पुढे येईल.

धाग्याचा विचार जरा निगुतीने करावा. आपण सरसकट ज्याला लोकर म्हणतो तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक धागा असतो. वर्धमान, ओसवाल, गंगा या नावांचा हा माल १०० ग्रॅमला ६० ते १५० रुपयांच्या दरम्यान मिळतो. सुती धागा १५० ते २५० रुपये. परदेशी धाग्यांच्या लड्या दिसायला सुरेख असतात, पण तुमच्या नमुन्यातला धागा उदगीरच्या वाचकाला मिळायला हवा. शिवाय कंपन्या धागे बंद करतात, छटा बदलतात, म्हणून नमुना एकाच धाग्याच्या नावावर टांगून ठेवू नये. जाडी, ग्रॅम आणि मीटर हे तिन्ही लिहावं. जाडीसाठी अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलची ० ते ७ ही क्रमवारी परदेशी वाचकही ओळखतात. लेबलावर १०० ग्रॅमला २५० मीटर असं लिहिलेलं असेल आणि तोरण १५० ग्रॅमचं झालं, तर धागा लागला ३७५ मीटर. एवढ्यासाठी ३०० रुपयांचा डिजिटल स्वयंपाकघरी काटा घ्यावाच लागतो. अंदाजपंचे लिहिलेल्या वजनामुळे कुणाचा धागा शेवटच्या ओळीत संपला, तर त्याच लॉटचा रंग पुन्हा मिळेलच असं नाही. लॉटचा नंबर लेबलावर असतो. पहिल्याच खेपेला एकाच लॉटचा सगळा धागा घ्या आणि वाचकालाही तसंच सांगा.

उसवण्याचा खर्च

१५० ग्रॅमच्या तोरणासाठी ३०० ग्रॅम धागा घ्यायचा. निम्मा धागा नमुना जमेपर्यंतच्या चाचण्यांत जातो.

आधी एक चौकोनी तुकडा विणा, बाजू १५ सेंटीमीटरची. तो धुऊन, वाळवून, मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती खांब बसतात ते मोजा. समजा २० बसले. तीन फूट म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर, त्यात १८२ खांब. तुमचं पान किंवा कमान दर १२ टाक्यांनी येत असेल तर १२ च्या पटीतला जवळचा आकडा १८०. म्हणजे १५ पानं आणि ९० सेंटीमीटर रुंदी. चौकट रुंद असेल तर एक पान वाढवा, १६ पानांत ९६ सेंटीमीटर होतील. नमुन्यात नुसतं ‘१८० टाके’ लिहून भागत नाही, ‘१२ च्या पटीत’ हे लिहिलं पाहिजे. प्रत्येकीचं दार तीन फुटी नसतं.

आता हाच नमुना सैल हाताच्या बाईने विणला आणि तिचे १० सेंटीमीटरमध्ये १८ च खांब बसले, तर १८० टाक्यांचं तोरण १०० सेंटीमीटर होतं आणि चौकटीबाहेर लोंबतं. तिला वाटतं नमुना चुकला. नमुना बरोबरच असतो, फक्त तुकडा विणून बघा आणि सैल आला तर बारीक सुई घ्या, ही ओळ त्यात राहून गेलेली असते. घट्ट हाताचं उलट. तोरणाची सुरुवातीची साखळी घट्ट पडली तर वरची कड आत ओढली जाते आणि सगळं तोरण धनुष्यासारखं वाकतं. म्हणून साखळी जाड सुईने घालायची आणि पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्यायची. सुती धागा जड असतो, टांगल्यावर खाली ओघळतो. तोरणाची उंची चार दिवस टांगून मगच मोजावी.

हे सगळं कळेपर्यंत पानाचा आकार दोनतीनदा बदलतो. उसवलेला सुती धागा फिसकटलेला दिसतो, फोटोच्या कामाचा राहत नाही. अंतिम नग नव्या धाग्यातच विणायचा.

तोरणाऐवजी बाळाचं टोपडं असेल तर एवढ्यावर भागत नाही. नवजात, सहा महिने, वर्ष अशी तीन मापं म्हणजे तीन गणितं, तीन नग. अंगावरच्या कपड्याचं विचारूच नका. पहिला नमुना सपाट वस्तूचा असावा, असा माझा आग्रह आहे.

कागद

नमुना लिहिण्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो. मराठीत लिहिलात तर साखळी, मुका खांब, खांब हे शब्द घरोघरी कळतात, तरी पहिल्या पानावर प्रत्येक टाका कसा घालायचा ते एका ओळीत द्यावं. इंग्रजीत लिहायचा असेल तर अमेरिकन शब्द वापरलेत की ब्रिटिश, हे ठळक छापा. आपला मुका खांब अमेरिकेत सिंगल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये डबल क्रोशे. एवढी एक सूचना विसरली तर अर्धे वाचक दुप्पट उंचीचं तोरण विणून बसतील.

आकृती मात्र द्याच. चिन्हांची आकृती भाषेवाचून वाचता येते. जपानी पुस्तकांतले नमुने जपानीचं अक्षर न कळणाऱ्या बायका विणतात त्या आकृत्यांच्याच जोरावर. स्टिच फिडलची फुकट आवृत्ती साध्या आकृत्यांना पुरते. इंकस्केप पूर्ण फुकट आहे, पण शिकायला धीर हवा. आलेखाच्या वहीत पेनने नीट काढून मोबाइलने स्कॅन केलं तरी चालतं. फोटोंसाठी खिडकीचा उजेड आणि ५० रुपयांचा पांढरा कार्डशीट पुरे. रिंगलाइट घेऊ नका.

विणून बघणाऱ्या

छापण्याआधी निदान तिघींनी नमुना विणून बघावा. एक नवशिकी, एक सैल हाताची आणि एक सराईत अशी निवड चांगली. या क्षेत्रातली रीत अशी की विणून बघणारी स्वतःचा धागा वापरते, स्वतःचा वेळ देते आणि बदल्यात तिला तयार नमुना मिळतो. ही रीत मला पटत नाही. १५० रुपयांच्या नमुन्यासाठी तिने ३६० रुपयांचा धागा घालायचा, वर चुका काढून द्यायच्या, हा सौदा कुणाच्या फायद्याचा? नमुना फुकट वाटणार असाल तर मैत्रिणींचं मैत्रिणींत चालून जाईल. विकणार असाल तर धागा तुम्ही पाठवा.

आंध्र प्रदेशातलं नरसापूर क्रोशाच्या लेससाठी जगभर ओळखलं जातं. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. निर्यातीचा माल घरात बसून विणणाऱ्या या बायकांना कुणी कामगार धरतच नव्हतं. त्या ‘गृहिणी’, त्यांचं काम फावल्या वेळचं, म्हणून मजुरीही नगण्य. आपला छंद आणि त्यांची रोजीरोटी यांची बरोबरी होत नाही. पण विणकामाला लागलेला वेळ हिशेबात न धरण्याची सवय आपल्यालाही आहे, म्हणून खालच्या हिशेबात तास धरले आहेत.

नमुना तपासणारे व्यावसायिक संपादकही असतात. टाक्यांची बेरीज, मापं, भाषा सगळं बघतात आणि तासाला साधारण २० ते ४० डॉलर घेतात. तोरणासाठी हा खर्च नको. चार मापांचा स्वेटर डॉलरमध्ये विकायचा असेल तर मात्र तो वाचवू नये.

बेरीज

सुती धागा १०० ग्रॅमला १८० रुपये धरला तर ३०० ग्रॅमचे ५४०. एक सुई ८०, टाक्यांच्या पिना आणि टोकं लपवायची सुई ४०, काटा ३००, चाचणीच्या छापील प्रती ६०, कार्डशीट ५०. एकूण १,०७०. जाड सुई घरात असेलच असं गृहीत धरलं आहे. तिघींना प्रत्येकी २०० ग्रॅम धागा पाठवला तर १,०८० आणि कुरियरचे ८० प्रमाणे २४०. रोख खर्च झाला २,३९० रुपये. यातला काटा आणि सुई पुढच्या नमुन्यालाही चालतात.

आता तास. बेतणं आणि तुकडे १२, अंतिम नग १०, लेखन ६, आकृती ४, फोटो २, दुरुस्त्या ४, असे ३८. तासाला अवघे १०० रुपये लावले तरी ३,८०० होतात. दोन्ही मिळून ६,१९०. नमुना १५० रुपयांना विकलात तर ४२ प्रती खपल्यावर खर्च भरून निघतो. नवख्या नावाला ४२ गिऱ्हाइकं चटकन मिळत नाहीत. म्हणून पहिले दोनतीन नमुने सरळ फुकट द्यावेत आणि तो खर्च छंदावरचा धरावा, म्हणजे मनस्ताप नाही. मात्र फुकट नमुनाही तितकाच तपासलेला हवा. विणणारीचा धागा काही फुकट येत नाही.

वाटणं आणि विकणं

फुकट वाटायला खर्च नाही. गूगल ड्राइव्हमध्ये १५ जीबी जागा मोफत मिळते. २००७ पासून चालू असलेल्या रॅव्हलरीवर खातं आणि फुकट नमुन्याची नोंद, दोन्हीला पैसे पडत नाहीत. तिथे धाग्याची जाडी आणि लांबी यांवरून शोध घेता येतो. मघाचे ३७५ मीटर इथे उपयोगी पडतात.

देशातल्या गिऱ्हाइकाकडून यूपीआयने पैसे घेऊन पीडीएफ पाठवणं सगळ्यात स्वस्त, पण प्रत्येक प्रत हाताने पाठवावी लागते. पेमेंट गेटवे घेतला तर साधारण २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपयांमागे साडेतीन रुपये जातात. ४२ प्रतींऐवजी ४३ विकाव्या लागतात, एवढाच फरक. त्यासाठी जीव टांगणीला लावू नये. पेपाल १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात चालत नाही, परदेशातून येणारे पैसे तेवढे घेता येतात.

एट्सीचं गणित निराळं आहे. नोंदीचे २० सेंट, ती चार महिने टिकते आणि प्रत्येक विक्रीनंतर पुन्हा २० सेंट. वर किमतीच्या ६.५ टक्के. चार डॉलरच्या नमुन्यातून इथेच ४६ सेंट, म्हणजे साडेअकरा टक्के गेले. पैसे स्वीकारण्याचं शुल्क आणि डॉलरचे रुपये होताना होणारी कपात वेगळी. येणारी रक्कम थोडी असली तरी ती उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायची.

हक्कांचं थोडक्यात. तुमचं लिखाण, आकृती आणि फोटो यांवरचा कॉपीराइट ते तयार होताक्षणी तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर लिखित कृतीला ५०० रुपये शुल्क आहे. छंदासाठी मला ती अनावश्यक वाटते. खांब, शिंपला, अननसाची नक्षी यांवर कुणाची मालकी नसते, तुमचीही नाही. कार्टूनमधल्या पात्राची बाहुली घरच्या बाळासाठी हौसेने विणणं निराळं, तिचा नमुना विकायला काढलात तर त्या कंपनीची नोटीस येऊ शकते. फुकट वाटताना ‘नाव ठेवा, विकू नका’ एवढीच अट घालायची असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा तयार परवाना आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

विक्रीनंतरही काम उरतं. ‘सातव्या ओळीत दोन खांब जास्त येताहेत’ असा निरोप एखाद्या रात्री येतोच, आणि कधी कधी तो बरोबरही असतो. म्हणून पहिल्या पानाच्या तळाशी आवृत्तीचा आकडा आणि तारीख घाला. चूक सुधारली की आकडा बदला, आधी घेतलेल्या सगळ्यांना नवी प्रत विनामूल्य पाठवा, आणि त्यासाठी गिऱ्हाइकांची यादी पहिल्या प्रतीपासूनच एका वहीत ठेवा.