हजेरीपटावरचे श्रोते

उपनगरातल्या एका महाविद्यालयात इस्रायलवरच्या कार्यक्रमाला मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. सभागृह तुडुंब. सही केल्याशिवाय हजेरी लागणार नव्हती, हे नंतर कळलं. निळे-पांढरे फुगे, ठिबक सिंचनाची चित्रफीत, तेल अवीवच्या स्टार्टअपचं कौतुक, बाहेर फलाफलचा स्टॉल. शेवटी मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, इथे तुम्हाला कुणी कधी त्रास दिला नाही म्हणता, मग तुमची माणसं गेली कशाला?" सूत्रसंचालक गडबडला. वेळ संपल्याचं सांगून त्यानं आभारप्रदर्शन उरकलं. दोन तासांत विचारण्यासारखं तेवढंच विचारलं गेलं होतं, आणि नेमकं तेच गिळलं गेलं.

मी ठाण्यात वाढले, आता मुलुंडला असते. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. झायोनवादी मुलं-मुली कार्यक्रमाची कल्पना घेऊन माझ्याकडे येतात, त्यांत ज्यू इनमिन दोन-चार. त्यांना मी सांगते, आधी त्या मुलीला काय उत्तर द्याल ते ठरवा, मग सभागृहाचा अर्ज करा.

उत्तर सरळ नाही, म्हणून तर ते सांगायचं. १८९७ साली बाझलला पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरली, तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलांनाही बोलावणं होतं. त्यांनी नकार कळवला. पवित्र भूमीला न्यायचं ते देवच नेईल, ही श्रद्धा. बॉम्बे झायोनिस्ट असोसिएशन निघाली ती १९२० मध्ये. १९४८ नंतर मात्र वीसेक हजारांच्या या समाजातले बहुतेक निघून गेले. कुणी श्रद्धेपोटी, कुणी भाऊ-बहीण आधी गेले म्हणून, कुणाला इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टममधल्या नोकऱ्यांची धाकधूक म्हणून. तिथे पोचल्यावर वर्णावरून टोमणे ऐकावे लागले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच काहींनी धरणं धरलं आणि ते मुंबईला परत आले. पुढे १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी लग्नाआधी आमच्या लोकांची वंशावळ तपासायचं फर्मान काढलं. लढा झाला, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं, क्नेसेटनं, ठणकावलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. याच समाजानं तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं.

मुलं म्हणतात, हे सांगितलं तर इस्रायलची बदनामी होईल. मला उलट वाटतं. अन्याय झाल्यावरही जी माणसं तिथेच राहून भांडली, त्यांच्याइतका पटणारा झायोनवाद चित्रफितीत सापडायचा नाही. आणि जो इथेच राहिला त्यालाही जागा द्या. कवी निस्सीम इझिकेल १९६१ पासून दहाएक वर्षं विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख होते. अंधेरीच्या मुलांना हा माणूस बेने इस्रायल होता, हे ठाऊक नसतं.

गाझाचा प्रश्न येणारच. तो टाळू नका, त्यासाठी वेळ राखून ठेवा, आणि माहितीशिवाय फुशारकीनं बोलणाऱ्या वक्त्याला बोलावू नका. पवईच्या आयआयटीत नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅलेस्टाइनवरच्या व्याख्यानावरून पोलिसांपर्यंत तक्रार गेली, दुसरं एक व्याख्यान रद्दच झालं. माझ्या बाजूच्या काहींना आनंद झाला. मला झाला नाही. आज त्यांचं बंद पाडायची सवय लागली की उद्या आपलं बंद पाडायला कुणाला कारण लागत नाही. म्हणून प्राचार्यांची परवानगी लेखी घ्या, पाहुण्याचं नाव आणि विषय अर्जात नेमका लिहा, आयत्या वेळी विषय बदलू नका.

दिवस शनिवारचा नको. महाविद्यालयांना शनिवार सोयीचा, पण आमचा तो शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्यास्तापासूनच माणसं बांधलेली असतात, मग ज्यूंवरच्या कार्यक्रमाला ज्यूच नसतात! सहामाही परीक्षा आणि महोत्सवाचे दिवसही बघा. ठाण्याहून बोरिवलीला वक्ता बोलावलात तर घोडबंदर रोडचा हिशेब धरा.

हजेरीची सक्ती मात्र काढाच. दोनशे कंटाळलेल्या चेहऱ्यांपेक्षा वर्गात गोल करून बसलेले तीस जण बरे. इतिहासाची मुलं आली तर १९४७ ते १९५० वाचून यायला सांगा: भारतानं संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या विरोधात मत दिलं आणि १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली, पूर्ण राजनैतिक संबंध आले १९९२ मध्ये. वाणिज्यच्या मुलांना पाण्याच्या तंत्रज्ञानात रस असेल, तर तो विषय वेगळ्या दिवशी घ्या. एकाच ताटात सगळं वाढलं की कशाचीच चव लागत नाही.

आणि पुढचं पाऊल त्याच दिवशी सांगा, नाहीतर मुलं सेल्फी काढून पांगतात. ठाण्याचं १८७९ सालचं शआर हशामायिम सिनेगॉग जवळ आहे. आधी विचारून, ओळखपत्रं घेऊन जावं, सुरक्षेची कडक तपासणी असते. अलिबागजवळ नवगावला आमच्या पूर्वजांची दफनभूमी आणि स्मारक आहे. जहाज फुटून ते किनाऱ्याला लागले, ती आमची दंतकथा तिथेच ऐकवावी. सभागृहातून निघतानाच नावं लिहून घ्या, आणि सहल डिसेंबरात ठेवा. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याच्या लाँच बंद असतात.