कुलूपबंद कपाटातील पुस्तके

आपण पुस्तके दान करतो तेव्हा नेमके काय देतो? घरात नको झालेले, की समोरच्याला हवे असलेले? हा प्रश्न स्वतःला एकदा विचारून पाहावा.

१९९८ साली जॉन वूड हे अमेरिकन गृहस्थ नेपाळच्या डोंगरात पायी भ्रमंती करत होते. मायक्रोसॉफ्ट कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि सुट्टी घेऊन आले होते. वाटेत शिक्षण खात्यातील एका नेपाळी कर्मचाऱ्याची ओळख झाली. त्यांच्यासोबत ते लमजुंग जिल्ह्यातील बाहुनडांडा येथील शाळेत गेले. शाळेत शेकडो मुले होती, ग्रंथालय म्हणून एक खोलीही होती. पण पुस्तके कपाटात कुलूपबंद. मोजकीच पुस्तके, मुलांच्या हातून फाटली तर पुन्हा कुठून आणायची, म्हणून ही काळजी. कपाट उघडले तर आत काय? येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांनी मागे सोडलेल्या मोठ्यांच्या कादंबऱ्या! त्यातले एक पुस्तक तर इटालियन भाषेतले. ती पुस्तके कोणी वाईट हेतूने ठेवून गेले नव्हते, हे लक्षात घ्या. वाचून झाले, ओझे नको, म्हणून ठेवली. मुलाचा विचार त्यात कुठेच नव्हता.

पुन्हा याल तेव्हा पुस्तके घेऊन या, अशी विनंती मुख्याध्यापकांनी केली. अशी आश्वासने आपणही देतो आणि घरी पोहोचेपर्यंत विसरतो. वूड यांनी मात्र काठमांडूला येताच मित्रांना ईमेल पाठवले. त्यांच्या आईवडिलांच्या घरी सुमारे ३,००० पुस्तके जमली. पुढच्या वर्षी वडिलांना सोबत घेऊन, जनावरांच्या पाठीवर पुस्तके लादून, ते त्या गावी परतले. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

येथे बरेच लेख थांबतात, कारण मोठ्या पगाराचा त्याग ऐकायला छान वाटतो. मला पुढचा भाग जास्त शिकवणारा वाटतो. २००० साली ‘रूम टू रीड’ ही संस्था उभी राहिली ती एका माणसाची नव्हे. नेपाळमधील कामाची घडी दिनेश श्रेष्ठ यांनी बसवली. व्हिएतनाममध्ये नोकरी केलेल्या एरिन गंजू यांच्यामुळे काम त्या देशात गेले. २००३ मध्ये ते भारतातही सुरू झाले.

या संस्थापकांनी एक अट ठेवली होती. शाळेची खोली किंवा ग्रंथालय हवे असेल तर गावानेही जमीन, साहित्य, श्रम यांपैकी आपला वाटा उचलायचा. गरिबांकडून कसले घ्यायचे, असे आपल्याला वाटेल. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. भागीदाराने रोख आणली काय किंवा वस्तू आणली काय, ती त्याच्या भांडवल खात्यावर जमा होतेच, हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. आईबापांनी वाहिलेली विटा-वाळूही तशीच जमा होते. मग ते ग्रंथालय त्यांचे असते.

दुसरी गोष्ट, आपली चूक ओळखण्याची. सुरुवातीला बाहेरून मिळालेली पुस्तके बहुतेक इंग्रजी होती. पहिलीतल्या नेपाळी मुलाला त्यांचा कितीसा उपयोग? म्हणून पुढे संस्थेने स्थानिक लेखक आणि चित्रकारांकडून मुलांच्या भाषेत पुस्तके तयार करवून घेतली. मुलींच्या शिष्यवृत्तीचेही तसेच झाले. फी, गणवेश, वह्या दिल्या तरी घरातून ‘आता पुरे’ असे आले की मुलगी शाळा सोडते. त्यामुळे पैशांसोबत मुलींशी बोलणारी, त्यांच्या घरी जाणारी एखादी ताई जोडून देण्यात आली. पावती फाडून झालेले हे दान नव्हे. ते वर्षानुवर्षे निभवावे लागते.

गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी एका खेड्यातील शाळेसाठी पुस्तके गोळा केली होती. दोन पोती भरली: दहावीची जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे, काही डायऱ्या, एक आयकराचे पुस्तक. मीच ती बांधली, समाधानाने पाठवली. आठवड्याने तिथल्या बाईंचा फोन आला. आभार मानून त्यांनी संकोचत विचारले, “लहान मुलांसाठी चित्रांची काही आहेत का हो?”

आमच्याकडे एकही नव्हते. यंदा आम्ही आधी फोन केला. बाईंनी सांगितले: मोठ्या अक्षरांची गोष्टींची पुस्तके, आणि मुलांचा हात पोहोचेल एवढे बुटके शेल्फ.