गोणी आणण्याआधी माती तपासा



मे महिना आला की गटाच्या बैठकीत एक मागणी ठरलेली असते, ती म्हणजे खताला कर्ज. मी एका ताईंना विचारलं, "एकराला किती गोण्या लागतात?" त्या म्हणाल्या, "शेजारी टाकतात तेवढ्या." बऱ्याच घरांत हिशेब असाच चालतो. शेजारी टाकतो ते, दुकानदार देईल ते. पैसा मात्र गटाचा जातो आणि हप्ता आपल्याला फेडायचा असतो. पीक हुकलं की मुकादमाची उचल घ्यावी लागते, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. म्हणून या अंकात खताचा हिशेब शिकू या.

गोणीवरचे आकडे

डीएपीच्या गोणीवर १८:४६:० असं लिहिलेलं असतं. १०० किलो खतात नत्र, स्फुरद आणि पालाश किती, ते त्याच क्रमानं दिलेलं असतं. म्हणजे ५० किलोच्या एका गोणीत ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद आणि पालाश शून्य. युरियात फक्त नत्र असतं, ४६ टक्के. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. स्वस्त आहे म्हणून आपण युरिया जास्त टाकतो. पीक हिरवंगार दिसतं, पण दिसणं वेगळं आणि शेंगा भरणं वेगळं.

सोयाबीनला किती?

परभणीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ३० किलो पालाश आणि २० किलो गंधक अशी आहे. एकराला हे १२, २४, १२ आणि ८ किलो होतं. यासाठी सिंगल सुपर फॉस्फेटच्या ३ गोण्या, युरिया २६ किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो लागतं. सुपर फॉस्फेटमध्ये गंधक असतंच. डीएपी घेतलं तर एक गोणी आणि २० किलो पोटॅशमध्ये जवळपास भागतं, पण गंधक वेगळं द्यावं लागतं.

हे सगळं पेरणीच्या वेळी द्यायचं. नंतर वरून युरिया फेकू नका. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र स्वतः धरतात. त्यासाठी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा. पाकीट सोयाबीनचंच आहे ना, ते बघून घ्या. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी लावा. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

खत कुठं पडतं?

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातही आपल्यासारखे लहान, कोरडवाहू शेतकरी आहेत. हैदराबादजवळ मुख्यालय असलेल्या इक्रिसॅट संस्थेनं तिथं एक पद्धत पसरवली. बाजरी पेरताना खत रानभर फेकायचं नाही, प्रत्येक ठोंबाच्या खड्ड्यात बाटलीच्या बुचाएवढं टाकायचं. थोडं खत, पण मुळाशी. आपल्याकडे हेच काम दोन चाड्यांची पाभर करते. फोकून दिलेलं खत तणालाही मिळतं, पावसात वाहूनही जातं.

माती नमुना असा घ्या

- रब्बी निघाल्यावर, पेरणीआधी घ्या. नुकतंच खत टाकलेल्या रानातून घेऊ नका.
- बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, विहिरीजवळची आणि जनावरं बांधायची जागा सोडा.
- नागमोडी चालत ८ ते १० ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा.
- प्लास्टिकच्या घमेल्यात मिसळा. चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा.
- सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. नाव, गाव आणि गट नंबरची चिठ्ठी घाला.
- काळं रान आणि मुरमाड रान यांचे नमुने वेगळे ठेवा.

नमुना गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे द्या किंवा दिघोळ अंबा इथल्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. अहवालात सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर माती भुकेली आहे असं समजा. अहवाल हातात आल्यावर वरचे आकडे त्याप्रमाणे कमी-जास्त करून घ्या.

उकिरडा झाका

सेंद्रिय कर्ब गोणीत मिळत नाही, तो शेणखतातून येतो. उघड्या उकिरड्याचं सत्त्व उन्हात उडतं आणि पावसात वाहतं. खड्ड्यात शेण, काडीकचरा, सोयाबीनची गुळी असे थर द्या. ऊसतोडीला जाण्याआधी खड्डा ओला करून शेणमातीनं लिंपा. परत याल तेव्हा खत तयार असेल. तुराट्या बांधावर पेटवू नका.

पुढच्या बैठकीसाठी

सातबारा मालकाच्या नावावर असला तरी नमुना तुम्ही घेऊ शकता. खताचं कर्ज मागताना सोबत माती अहवाल आणि एकरी हिशेबाचा कागद आणा. पेरणीनंतर ४० दिवसांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून बैठकीत आणा. गाठ नखानं फोडा. आतून लालसर निघाली तर ती काम करते आहे. ज्यांच्या गाठी पांढऱ्या निघतील त्यांच्यासोबत आपण पुढच्या हंगामाचं ठरवू.