मोटारगाडीवर सायकल : कॅरिअर निवडताना घ्यावयाची दक्षता

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात आणि राज्यातील इतर शहरांत सायकल आता केवळ कामावर जाण्याचे साधन राहिलेली नाही. व्यायाम, पर्यटन आणि स्पर्धा यांसाठी सायकल चालविणाऱ्यांची एक पिढी उदयास आली आहे. ताम्हिणी किंवा महाबळेश्वरच्या रस्त्यावर सायकल चालवावयाची, तर ती तेथवर मोटारीने न्यावी लागते. शाळेतील खेळाडूंना स्पर्धेच्या ठिकाणी नेणाऱ्या शिक्षकांपुढेही हाच प्रश्न असतो. त्यासाठी बाजारात अनेक प्रकारची कॅरिअर मिळतात. मात्र निवड चुकली, तर मोटारीचा पत्रा चेपतो, रंग खरवडला जातो. आणि धावत्या गाडीवरून सायकल सुटून पडली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते.

जुनी सवय, नवी गाडी

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या टपावरील सामानाचे कॅरिअर अनेकांच्या स्मरणात असेल. प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी २००३ साली नोंदविली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर या टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाल्या. या गाडीला, तसेच अॅम्बॅसडरला, टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेणारी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय त्या पन्हळीत आवळले जात आणि ओझ्याचा भार टपाच्या मधल्या पत्र्यावर न येता कडेच्या मजबूत भागावर येई.

आजच्या मोटारींना अशी पन्हळ नसते. टपाचा मधला पत्रा पातळ असतो. त्यावर थेट पाय टेकवून कॅरिअर ठेवल्यास पत्रा दबतो. म्हणून कोणतेही कॅरिअर घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : सायकलचा भार गाडीच्या नेमक्या कोणत्या भागावर पडणार आहे? सांगाड्यावर पडत असेल तर ते योग्य. नुसत्या पत्र्यावर, काचेवर किंवा प्लॅस्टिकवर पडत असेल तर ते टाळावे.

टपावरील कॅरिअर

या प्रकारात दोन आडव्या दांड्या आणि त्यांवर सायकलसाठी पन्हळीसारख्या पट्ट्या असतात. दांड्यांचे पाय कारखान्यानेच दिलेल्या बोल्टच्या जागी, दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेत किंवा टपाच्या लांबीने बसविलेल्या कठड्यांवर आवळतात. काही गाड्यांवरील कठडे केवळ शोभेचे असतात. त्यांवर भार टाकता येत नाही. दांड्यांचे पाय त्या विशिष्ट गाडीसाठीच बनविलेले असावेत.

टपावर किती वजन चालेल हे गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. बऱ्याच मोटारींत ही मर्यादा ५० ते ७५ किलो असते. काही गाड्यांत टपावर ओझे ठेवण्यासच मनाई असते. या मर्यादेत कॅरिअरचे वजनही धरावयाचे असते. १५ किलोच्या दोन सायकली, ६ किलोच्या दांड्या आणि प्रत्येकी ४ किलोच्या दोन पट्ट्या मिळून ४४ किलो होतात. जुन्या पद्धतीची लोखंडी सायकल सुमारे २० किलोची असते. तशा तीन सायकली चढविल्यास मर्यादा सहज ओलांडली जाते.

सुमारे दीड मीटर उंचीच्या गाडीवर सायकल उभी केली की एकूण उंची अडीच मीटरच्या वर जाते. घराचा पोर्च, तळघरातील वाहनतळ आणि रस्त्यावरील फांद्या यांचे भान चालकाने राखावे. तसेच वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना सायकलवर ताशी ४० च्या तुलनेत चौपट जोर येतो.

डिकीवरील कॅरिअर

पट्टे आणि हुक यांच्या साहाय्याने डिकीवर टांगले जाणारे कॅरिअर स्वस्त व सुटसुटीत असते. परंतु गाडीला इजा होण्याचा संभव यातच अधिक. हुक डिकीच्या पत्र्याच्या घट्ट कडेलाच अडकवावेत. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या कडेला अडकवू नयेत. मागील काचेचा वायपर मोकळा राहील हे पाहावे.

मोटारीवरील रंगाच्या सर्व थरांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा इतकीच असते. कॅरिअरच्या गाद्यांखाली धूळ राहिली, तर धक्क्यांसरशी ती पॉलिश कागदासारखी रंग घासते. म्हणून डिकी व गाद्या दोन्ही धुऊन-पुसूनच कॅरिअर बसवावे, पॅडल पत्र्याकडे येऊ देऊ नये आणि काम झाल्यावर कॅरिअर काढून ठेवावे. सायकलचा टायर धुराच्या नळीसमोर आल्यास उष्णतेने खराब होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कायद्याची मर्यादा

सायकलची लांबी सुमारे पावणेदोन मीटर असते, तर लहान मोटारीची रुंदी दीड ते पावणेदोन मीटर. त्यामुळे मागे आडवी टांगलेली सायकल बाजूने बाहेर डोकावू शकते. अशा वेळी पुढचे चाक काढून ठेवणे इष्ट. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, गाडीच्या बाजूबाहेर किंवा पुढे, मागे व उंचीत अनुज्ञेय मर्यादेबाहेर जाणाऱ्या ओझ्यासाठी २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. नोंदणी क्रमांक आणि मागील दिवे झाकले जाता कामा नयेत. मागे कॅरिअर बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात चौकशी करणे श्रेयस्कर ठरेल. बंपरला बसविल्या जाणाऱ्या लोखंडी संरक्षक गजांना केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये अनधिकृत ठरविले आहे. अशा गजांना सायकल बांधणे अर्थातच गैर होय.

सर्वांत सोपा मार्ग

वर्षातून दोन-चार वेळाच एखादी सायकल न्यावयाची असेल, तर कॅरिअरची गरजच नाही. मागील आसन दुमडून, दोन्ही चाके काढून, जुनी चादर अंथरून सायकल आत ठेवता येते. मात्र ती घट्ट बांधावी. जोराचा ब्रेक लागल्यास सुटे ओझे पुढे फेकले जाते.

कॅरिअर वापरणाऱ्यांनी निघताना सायकल दोन्ही हातांनी हलवून पाहावी. तिच्यासोबत गाडी हलली तर बांधणी घट्ट आहे. सायकल एकटीच हलली तर पट्टे पुन्हा आवळावेत. पहिल्या दहा किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक थांब्यावर हीच तपासणी करावी. तिला दोन मिनिटे लागतात. पत्र्यावरचा ओरखडा पैसे खर्चून भरून काढता येतो. मागून येणाऱ्याचे झालेले नुकसान मात्र भरून येत नाही.