विमानापासून रुळापर्यंत : व्यवसायबदलाचा एक पाठ

स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा आम्हांस एका माउलीचा प्रश्न आठवला. तिचा मुलगा आपल्याच वसतिगृहात राहून शिकला, भारतीय हवाई दलात भरती झाला आणि वीस वर्षे विमानांतील रेडिओ व रडार यंत्रणांची देखभाल करून निवृत्त झाला. पुढे माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या जागेवर रेल्वेच्या सिग्नल विभागात तंत्रज्ञ म्हणून त्याची निवड झाली. पेढे घेऊन आलेली आई पेढे हातात देता देता म्हणाली, "सर, याच्या आज्यानं जलमभर रुळावर घण मारला. ह्यो इमानापोत्तर गेला, आन् आता पुन्हा रुळावरच आला. मंग एवढं शिकून काय झालं?"

आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी त्या क्षणी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहून गेलेले उत्तर होय.

आज्याचा रूळ

आपल्या जालन्यावरून जाणारा मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग निजामाच्या राजवटीत टाकला गेला. तो मीटर गेजचा होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने रुंद झाला. या मार्गावर आणि मनमाडला त्याला मिळणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेवर आपल्या कितीतरी घरांतील माणसे गँगमन म्हणून राबली. उन्हातान्हात खडी भरणे, स्लीपर बदलणे, रूळ सरळ करणे हे काम त्यांनी पिढ्यानपिढ्या केले.

त्याच मनमाडमध्ये १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हा त्यांचा विचार याच परिषदेतला. परंतु त्या भाषणातील दुसरा भाग आपण क्वचितच आठवतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो, असे बाबासाहेबांनी तेथे दाखवून दिले. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरातही काम करावे लागते आणि तेथे त्याचा स्पर्श चालत नाही. कारखान्यातही कुशल कारागिराची जागा त्याच्या वाट्याला येत नाही. बाबासाहेबांचा आक्षेप घण मारण्याच्या कष्टाला नव्हता. घणावाचून दुसरे काहीही हाती घेऊ न देणाऱ्या व्यवस्थेला होता.

याच्या दोन वर्षे आधी, १९३६ साली, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या भाषणात त्यांनी या गोष्टीचे मूळ सांगितले होते. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. उद्योगांचे स्वरूप सतत बदलत असते. माणसाला त्याप्रमाणे व्यवसाय बदलता आला पाहिजे. जात त्याला तसे करू देत नाही, म्हणून बेकारीचे एक कारण जातच ठरते. या विवेचनाच्या उजेडात पाहिले, तर एक व्यवसाय सोडून ज्ञानाच्या बळावर दुसरा स्वीकारणे ही अधोगती नव्हे. आपल्या पूर्वजांना नाकारलेला तो एक हक्क आहे.

नातवाचा रूळ

आज्याचा आणि नातवाचा रूळ एकच असला, तरी नातवाचे काम निराळे आहे. रुळांच्या एका तुकड्यातून सौम्य वीजप्रवाह सोडलेला असतो आणि तो टोकाच्या रिलेला उचलून धरतो. गाडी त्या तुकड्यावर आली की तिची चाके व आस दोन्ही रुळांना जोडतात, रिलेपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही, रिले खाली पडतो आणि मागचा सिग्नल तांबडा होतो. यास ट्रॅक सर्किट म्हणतात. रूळ तुटला किंवा तार निखळली तरी परिणाम तोच, म्हणजे तांबडा दिवा.

विमानातून आलेल्या तंत्रज्ञाला पहिला धडा येथेच नव्याने गिरवावा लागतो. विमानाला आकाशात थांबता येत नाही. म्हणून तेथे एक यंत्रणा बिघडली तर दुसरी, कधी तिसरीही, काम चालू ठेवते. गाडी मात्र थांबू शकते. म्हणून रेल्वेत शंका आली की गाडी थांबवायची, हा मूळ नियम. विमानातील सदोष पेटी काढून दुसरी बसविता येते आणि दोष कार्यशाळेत शोधता येतो. येथे पावसाने भिजलेल्या खडीत, उंदरांनी कुरतडलेल्या केबलीत, रात्रीच्या अंधारात, गाडी खोळंबलेली असताना दोष शोधावा लागतो. काम सुरू करण्यापूर्वी स्टेशन मास्तरला लेखी कळवून यंत्रणा वेगळी करावी लागते आणि तपासणी झाल्यावर लेखी नोंद करूनच ती पुन्हा जोडावी लागते. खोळंबा टाळण्यासाठी तात्पुरती तार जोडून रिले उचलण्याचा मोह हा या व्यवसायातील सर्वांत मोठा अपराध होय.

आणि तरीही जुनी विद्या वाया जात नाही. गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' प्रणाली दक्षिण मध्य रेल्वेवर ज्या पहिल्या १,४६५ किलोमीटरवर बसविली गेली, त्यात आपला मनमाड–मुदखेड मार्गही येतो. इंजिन आणि स्थानक यांच्यात रेडिओद्वारे चालणारा संवाद हा तिचा कणा आहे. या प्रणालीचे आधीचे नाव होते टीकॅस. विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणेचेही हेच लघुनाम आहे. ज्याने वीस वर्षे अँटेना आणि रेडिओ हाताळले, त्याला हे शास्त्र परके कसे वाटावे?

दुसऱ्या डोळ्याची किंमत

तथापि रेडिओच्या ज्ञानाहूनही मोलाची एक गोष्ट तो हवाई दलातून घेऊन आला आहे. ती म्हणजे केलेल्या कामावर सही करण्याची आणि महत्त्वाचे काम दुसऱ्याकडून तपासून घेण्याची सवय.

१२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ गाड्यांची टक्कर होऊन ३५ माणसे मृत्युमुखी पडली. नवी तार जोडताना जुनी तार कापून वेगळी करण्याचे राहून गेले होते. ती पुन्हा जुन्या जागी टेकली, तिच्यातून प्रवाह गेला आणि तांबडा व्हावयाचा सिग्नल झाला नाही. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच दिवस सुट्टी मिळाली होती आणि दुसऱ्या कोणी त्या तारा मोजून पाहिल्या नव्हत्या. आपल्याकडे २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात सरळ मार्गाचा सिग्नल मिळालेली कोरोमंडल एक्सप्रेस बाजूच्या मार्गावर उभ्या मालगाडीवर आदळली. या अपघातात २९० हून अधिक जीव गेले. चौकशीत सिग्नलच्या तारांच्या जोडणीतील चुका आढळल्या.

तथागतांनी अप्पमादाला, म्हणजे सदैव जागरूक राहण्याला, सर्व कुशल धर्मांत अग्रस्थान दिले. वंदनेच्या वेळी आपण हा शब्द मुलांना समजावून सांगतो. सिग्नलच्या पेटीसमोर उभ्या असलेल्या तंत्रज्ञासाठी तो उपदेश राहत नाही. ते त्याचे रोजचे काम असते. विनाकारण कोणाचाही जीव जाऊ नये, म्हणून जो रात्री दोन वाजता पावसात तार तपासतो, त्याची आजीविका सम्यक् नाही, असे कोण म्हणेल?

पालक व माजी विद्यार्थ्यांसाठी

या बदलाचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्या खात्यात पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागते. पंचविशीतला मुलगा वरिष्ठ असतो आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरील माजी सैनिक त्याच्याकडून शिकत असतो. तंत्रज्ञ श्रेणी तीनचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, तर श्रेणी एक सिग्नलचे २९,२०० रुपयांपासून सुरू होते. श्रेणी एकसाठी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स यांसारख्या विषयातील विज्ञान पदवी किंवा अभियांत्रिकीची पदविका वा पदवी लागते. केवळ अनुभवावर ते दार उघडत नाही. म्हणून सेवेत असतानाच पदविका वा पदवी पूर्ण करावी, प्रशिक्षणाची सर्व प्रमाणपत्रे जपावीत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

२०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर एका तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांनाच पुढे कायम सेवा मिळू शकते. म्हणजे व्यवसायबदल हा आता क्वचित येणारा प्रसंग राहिलेला नाही. आपल्या अनेक मुलांना तो ऐन तारुण्यात करावा लागणार आहे. तेव्हा वस्तीने त्यांना "परत आला" असे हिणवू नये. अमुक काम वरचे, तमुक खालचे, ही उतरंड ज्या विचाराने रचली, तोच विचार आपल्या तोंडून बोलत नाही ना, हे आपण तपासून पाहावे.

त्या माउलीला आम्ही आता एवढेच सांगू : बाई, याच्या आज्याला त्या रुळावरून दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती. तुमचा मुलगा आकाशापर्यंत गेला आणि स्वतः निवडून, परीक्षा देऊन, हातात विद्या घेऊन त्या रुळावर आला. आज्याने रूळ नीट राखला म्हणून गाड्या सुखरूप गेल्या. नातू सिग्नल नीट राखील म्हणून पुढेही जातील. शिकून झाले ते हे.

जय भीम ! नमो बुद्धाय !