पाळी का थांबली?

बाई बाळंत होते. वारेचा तुकडा आत राहतो. अंगावरून फार जाऊ लागतं. दवाखान्यात पिशवी साफ करतात. बाईचा जीव वाचतो. ती घरी येते.

पुढे महिने जातात, पण पाळी येत नाही. आली तरी नुसता डाग दिसतो. कुणाकुणाला दर महिन्याला पोटात कळ येते, पण रक्त जात नाही.

घरचे म्हणतात, "नजर लागली." अंगारा-धुपारा होतो. दोन-तीन वर्षं गेली, की तिला वांझ म्हणतात. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी निघतात. खरं कारण कुणालाच ठाऊक नसतं. ते आज आपण समजून घेऊ.

पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याला आतून मऊ अस्तर असतं. ते दर महिन्याला वाढतं. गर्भ राहिला नाही, तर ते रक्ताबरोबर बाहेर पडतं. हीच पाळी. गवत कापलं, तरी मुळं राहिली की पुन्हा फुटतं. अस्तराचंही तसंच आहे. त्याचा खालचा थर राहतो. त्यातून नवं अस्तर येतं.

पिशवी खरवडताना कधी हा खालचा थरही निघतो. मग आत जखम होते. भाजलेली दोन बोटं एकमेकांना लागून राहिली, तर जखम भरताना चिकटतात ना? तशाच पिशवीच्या भिंती चिकटतात. 1948 साली आशरमन नावाच्या डॉक्टरांनी या आजाराची सविस्तर माहिती लिहिली. त्यांचंच नाव आजाराला पडलं.

आपल्या देशात दुसरंही एक कारण आहे. ते म्हणजे क्षय. क्षय फक्त छातीत होतो असं नाही. तो पिशवीलाही होतो. तेव्हा खोकला असतोच असं नाही.

मग उपाय काय? पाळी थांबली, तर आधी दिवस गेलेत का ते पाहावं. नसतील, तर डॉक्टरांना दाखवावं. पिशवी कधी साफ केली होती, पोट पाडलं होतं का, हे सारं सांगावं. लाजू नये. डॉक्टर बारीक दुर्बीण पिशवीत घालून पाहतात. तिच्याच मदतीनं चिकटलेला भाग सोडवतात. पोट कापावं लागत नाही. अस्तर वाढावं म्हणून पुढे गोळ्या देतात. भिंती पुन्हा चिकटू शकतात, म्हणून परत तपासणीला जावं लागतं. क्षय असेल, तर त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती मध्येच सोडू नयेत.

थोडं चिकटलेलं असलं, तर गुण चांगला येतो. फार चिकटलेलं असलं, तर सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पुढे दिवस राहिले, तर बाळंतपण दवाखान्यातच करावं. वार चिकटून राहण्याची भीती असते.

पिशवी साफ केलेल्या प्रत्येक बाईला हा आजार होत नाही. तेव्हा गरज असेल, तर भिऊन थांबू नका. आत तुकडा राहिला, तर जिवावर बेततं. मात्र हे काम शिकलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. गुपचूप पोट पाडणाऱ्याकडे जाऊ नका.

लक्षात ठेवा : हा शाप नाही, जखम आहे. बाईला बोल लावू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

प्रश्न
1. पाळी म्हणजे काय?
2. पिशवीच्या भिंती कशामुळे चिकटतात?
3. डॉक्टरांना कोणत्या गोष्टी सांगाव्या?